अकरा गोणी माती

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक कॅमेरा, लिटमस कागदाच्या चार पुड्या आणि गावांची एक यादी होती. यादीवर अकरा गावं, कणकुंबीपासून निपाणीपर्यंत. हाताशी दिवस नऊ. दहाव्या दिवशी सकाळी निपाणीहून तंबाखूची लॉरी पुण्याला निघणार आणि तिच्यात माझ्या अकरा गोण्या चढणार, असं ठरलं होतं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पुण्यातल्या एका लहानशा कलादालनात मी प्रदर्शनं मांडत असे. ‘चित्रं काढता का?’ असं कुणी विचारलं की मी म्हणायची, ‘नाही, मांडते.’ मग समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘हे काय काम झालं?’ असं उमटायचं. माझ्या आईच्याही उमटायचं.

या खेपेला मांडायची होती ती माती. घाटमाथ्यावरची तांबडी माती उतरत उतरत निपाणीला काळी कशी होते, हे एका दालनात दाखवायचं. मातीचे अकरा ढीग, प्रत्येकापुढे गावाचं आणि माती देणाऱ्याचं नाव, शेजारी तिच्या तपासणीची टिपणं, आणि भिंतीवर त्याच मातीने रंगवलेली चित्रं. तीन चित्रकार तयार झाले होते. शास्त्राची बाजू बेळगावच्या एका हायस्कुलातले विज्ञानाचे शिक्षक, कांबळे सर, सांभाळणार होते. एका मासिकात त्यांचा मातीवरचा लेख वाचून मी पत्र टाकलं होतं आणि सहा महिने आमच्यात पत्रांची ये-जा चालली होती. दालनाच्या चालकांना मात्र हे सगळं खूळ वाटत होतं. ‘एकदा करून बघा,’ ते म्हणाले होते. पुन्हा मागायला येऊ नका, असा त्याचा अर्थ होता.

मी एका जागी बसणारी बाई नव्हे. एस.टी.त खिडकी मिळाली तरी माझं लक्ष पुढच्या थांब्यावर. कोल्हापूर सुटलं, कागल मागे पडलं आणि दुकानांच्या पाट्यांवर कानडीची गोल गोल अक्षरं दिसू लागली. अक्षर वाचता येईना तशी मी आणखीच चुळबुळायला लागले. शेजारच्या काकूंना मी चार वेळा विचारलं, बेळगाव आलं का? पाचव्यांदा त्या म्हणाल्या, “आलं की गाडी थांबती बाई. तुमी नका वडू तिला.”

स्टँडवर कांबळे सर न्यायला आले होते. पस्तिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी आधी मला कुंदा (खवा आटवून केलेली इथली तपकिरी मिठाई) खायला घातला, मग शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. टेबलाखाली साखरेची एक जुनी गोणी होती, तोंड सुतळीने शिवलेलं. सरांनी ती ओढून बाहेर काढली.

“ही कुठली?” मी विचारलं.

“मच्छ्याची. आमची,” ते म्हणाले.

मच्छे बेळगावपासून अगदी जवळ. तिथे सरकार कारखान्यांसाठी जमिनी घेत होतं. सरांच्या वडिलांची वीस गुंठे जमीन त्यात गेली होती. वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. बाबासाहेबांचं ऐकून पोराला शिकवलं, पोराला शाळेत नोकरी लागली आणि मग बापलेकांनी मिळून वीस गुंठे घेतली. घराण्यातली पहिली जमीन. सात वर्षं ती त्यांची होती. यंत्रं येणार त्याच्या आदल्या दिवशी सरांनी ही एक गोणी भरून आणली होती. आता तिथे पत्र्याची शेड आणि सिमेंटची फरशी होती. त्या वीस गुंठ्यांची माती जगात एवढीच उरली होती.

दुपारी आम्ही भाड्याच्या जीपने मच्छ्याला गेलो. सरांचे वडील दारात बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. नाव भिवा सटवा कांबळे. उंच, ताठ, आवाज खणखणीत.

“पुण्यात माती बघाया मान्सं येत्यात?” त्यांनी विचारलं.

“येतील,” मी म्हणाले. माझी मलाच खात्री नव्हती.

“आनि नाव लिवनार म्हनं माझं?”

“लिहिणार. मोठ्या अक्षरांत.”

“उताऱ्यावर आलतं माझं नाव,” आप्पा म्हणाले. “आता तिथनं खोडलंय. तुमच्याकडं तरी ऱ्हाऊ दे.”

मी शब्द दिला. शब्द देताना मला काही वाटलं नाही. घड्याळात तीन वाजले होते आणि जीपवाला खोळंबला होता.

पुढचे तीन दिवस धावपळीत गेले. सरांनी रजा काढली होती. कणकुंबीला जंगल इतकं दाट की भर मार्चात अंगावर सावली. मातीत जांभ्याचे खडे, हात लावला की बोटं विटकरी. सरांनी तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला. काही झालं नाही. “चुना नाही. पावसानं धुऊन नेलाय,” ते म्हणाले. एका घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मी उभ्यानेच खाल्लं, तेव्हा घरधनीण म्हणाली, “बसा की वं, माती काय पळून जात न्हाय.” खानापूरच्या बाजूला दोन गावं, मग हिंडलग्याला तुरुंगापलीकडच्या भाजीच्या रानात, तिथून उत्तरेला. गावागणिक रंग गडद होत गेला. चिकोडीच्या वाटेवर थेंब पडला तशी माती फसफसली आणि सर पोरासारखे हसले. प्रत्येक ठिकाणी मी रानमालकाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेई, चिठ्ठी गोणीत टाकी आणि पुढच्या गावाचं नाव घेई.

निपाणी आधी नाकाला कळते. हवेतच तंबाखू. मला शिंकांवर शिंका. आमच्या एका चित्रकाराचे मामा, बाबूअण्णा, यांची तिथे वखार होती. तंबाखूची शेतीही घरची. घरात मराठी, चिकोडीच्या सोयऱ्यांशी कानडी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारा माणूस, त्यामुळे पाहुण्यालाही साडेपाचला पानावर बसवलं. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर दही. डोळ्यांतून पाणी आलं ते शिंकांचं की खर्ड्याचं, सांगता येईना.

इथे मी एक शहाणपणा केला. माझ्या गोण्या नाना जातींच्या होत्या, साखरेच्या, खताच्या, धान्याच्या. दालनात त्या कशा दिसतील? बाबूअण्णांकडे रिकाम्या गोण्यांची थप्पी होती, सगळ्या एका मापाच्या, वखारीचा शिक्का मारलेल्या. मी सगळी माती त्यांत भरून घेतली. सर म्हणाले, “आमची तेवढी आहे तशीच राहू दे. आप्पांनी स्वतः शिवलीय.” मी म्हणाले, “सर, एकच वेगळी दिसली तर डोळ्यांना खटकेल.” त्यांनी स्वतःच ती सुतळी उसवली आणि ते बेळगावला परत गेले.

लॉरीला अजून चार दिवस होते. वखारीत बसून राहायचं माझ्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी मी चिकोडीला निघाले, फोटो काढायचं निमित्त करून. बसमध्ये कंडक्टर ‘बेगा, बेगा’ (लवकर, लवकर) म्हणत होता. दिवसभर मी उन्हात फिरले, आठ फोटो काढले, त्यातले सहा नको होते. दुपार कलताना निपाणीला परतले आणि वखारीच्या अंगणात पाय ठेवला.

अंगणात माझ्या अकरा गोण्या एका रांगेत उभ्या होत्या. तोंडं शिवलेली, टाके एकसारखे. बाजूला खड्यांचा आणि मुळ्यांचा लहानसा ढीग. चाळण्या झाडून भिंतीला टेकवलेल्या. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी, पन्नाशीची काटक बाई, पदराने तोंड पुसत पुढे आली. चेहऱ्यावर केवढं समाधान.

“झालं बाई तुमचं काम. लई खडं हुतं त्यात.”

मी एक गोणी उसवली. आत पिठासारखी चाळलेली माती, मळकट तपकिरी. दुसरी उसवली. तोच रंग. तिसरीही.

“हे काय केलंत?”

“चाळलं, आनि मिसळलं.”

“कुणी सांगितलं होतं मिसळायला?”

“सांगाया कशाला लागतंय?” ती खरोखरच गोंधळली. “गोन्या आमच्या, आत तंबाखूला असत्यात तशा नावांच्या चिठ्ठ्या, वर मुनीमजी म्हनाले पुण्याचा माल हाय, तयार ठेवा. कुठल्या गोनीत काळं, कुठल्या गोनीत तांबडं. असा माल भाईर पाठवला तर वखारीचं नाव जातंय की वं. तंबाखू आसू दे न्हायतर माती, माल कसा एकसारखा पायजे.”

ती चूक सांगत नव्हती, धंद्याची रीत सांगत होती. निपाणीत दहा गावांची तंबाखू येते, कुणाची कडक, कुणाची मऊ; ती चाळून एकजीव केल्याशिवाय गोणी शिवायचीच नाही, हे त्या बायकांच्या हाडीमाशी खिळलेलं. पण तेव्हा मला कुठलं एवढं सुचतंय! मी ओरडले. भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, अडाणी म्हणाले. कनवटीची गाठ सोडून तिने माझ्या अकरा चिठ्ठ्या काढल्या, नीट घडी केलेल्या, आणि माझ्या हातावर ठेवल्या.

पोस्टातून मी पुण्याला ट्रंककॉल लावला. बाबूअण्णांचा चित्रकार भाचा खूश. “अगं, हे तर उत्तमच झालं! मराठी-कानडी गावांची माती एक झाली. सीमेवरचा एकोपा म्हणून मांड. लोक डोक्यावर घेतील.” खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण चिठ्ठ्यांमधली मच्छ्याची चिठ्ठी वर होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बेळगाव गाठलं. मधल्या सुट्टीत सर प्रयोगशाळेत एकटेच होते. मी सगळं सांगितलं, गोणी बदलायचा हट्ट माझाच होता हेही. बरोबर आणलेली मूठभर माती त्यांनी काचेच्या बरणीत घातली, पाणी ओतलं, हलवली आणि ठेवून दिली. आम्ही दोघं बघत बसलो. खाली वाळू बसली, वर गाळ, त्याच्या वर गढूळ पाणी.

“वेगळी होते ती अशी,” सर म्हणाले. “जाड खाली, बारीक वर. गावं वेगळी करायची सोय शास्त्रात नाही.”

मी चित्रकाराचं म्हणणं सांगून पाहिलं. एकोप्याचं. सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं.

“बाई, माझ्या बापाची माती एकदा कारखान्यात गेली. आता एकोप्यात नका घालू.”

मला रडू आलं. सरांनी खडूच्या डब्याजवळचा फडका पुढे केला, तो पाहून हसूही आलं.

मग ठरलं की दहा गावांची माती पुन्हा आणायची. दोन दिवसांत. उरलेल्या मच्छ्याच्या गोणीचं काय, हा प्रश्न जीपमध्ये आमच्या मधोमध बसून होता. कणकुंबीच्या घरधनीणीने मला पाहून कपाळाला हात लावला, “अगो बाई, संपली व्हय?” पुन्हा खानापूर, पुन्हा हिंडलगा, पुन्हा चिकोडीची वाट. कुठे उतरून बसले नाही, कुठे पाणी प्यायले नाही. गोणी, चिठ्ठी, पुढचं गाव.

नवव्या दिवशी शेवटच्या टप्प्यात, मच्छ्याच्या फाट्यावर, मी मनातलं बोलून टाकलं. “सर, शेडच्या कुंपणाला लागून पलीकडे रान आहे ना? मध्ये फक्त बांध होता. ती माती वेगळी असेल का?”

सरांनी मान हलवली. “नाही. मी दोन्ही तपासल्यात. रंग, चुना, आम्ल, सगळं सारखं. कुणालाही फरक सापडणार नाही.”

“मग?”

“ते देसायांचं रान आहे. आप्पा तिथेच राबायचे,” ते म्हणाले. मग खोरं हाताशी ओढत म्हणाले, “आप्पांना सांगायचं नाही.”

देसायांच्या घरी विचारलं. घ्या की, माती ती काय, म्हणाले. ऊन उतरलं होतं. सर खोरं मारत होते, मी गोणीचं तोंड धरून होते. आपल्याच घरात चोरी करत असल्यासारखे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि बांधावर आप्पा येऊन उभे राहिले. ते रोज या वेळेला कुंपणापाशी येतात, हे मला माहीत नव्हतं. सर घाईत विसरले होते.

आप्पांनी वाकून चिमूटभर माती उचलली, टाकली.

“ही देसायाची.”

“कसं ओळखलंत?” मी दचकून विचारलं.

“वळखाया कशाला लागतंय? बांधाच्या कुठल्या अंगाला उकरतायसा ते दिसतंय न्हवं मला!”

सरांच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. सांगायला मलाच हवं होतं. मी सांगितलं, गोणी बदलली ती मी, निपाणी सोडून हिंडायला गेले ती मी. आप्पा बांधावर बसले. पत्र्याच्या शेडमध्ये कसलंसं यंत्र धडधडत होतं.

“ग्येली म्हनायची,” ते म्हणाले. मग लेकाकडे वळले. “तुजं शास्त्र काय म्हनतंय रं? ही आनि ती येकच?”

“व्हय आप्पा. एकच.”

“चाळीस वर्सं हिच्यात राबलो. तवा कुनी न्हाय म्हनालं, येकच हाय म्हनून.”

मी माफ करा म्हणाले, पण ते शब्द फारच हलके वाटले. आप्पांनी हात झटकले.

“भरा गोनी. लपवायचं न्हाय काय. चिठ्ठी कुठाय?”

मी चिठ्ठी काढली. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

“हितं लिवा, मालक, देसाई. आनि त्याच्या खाली लिवा, राबला कोन. भिवा सटवा कांबळे. खोटं काय हाय का त्यात?”

“नाही.”

“मग लिवा. दोन्ही येकाच मापाचं.”

मी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन ओळी ताडून पाहिल्या, अक्षरं सारखी आहेत ना. मग जीपमधल्या गोण्यांकडे मान करून सहज विचारलं, “त्या धा गोन्यांवर कुनाची नावं हाईत?”

“ज्यांनी माती दिली त्यांची.”

“म्हंजी मालकांची. राबत्यात कोन तितं?”

त्या दहा रानांत मी दोनदा गेले होते. गोणी कुणीतरी भरून दिली होती, दोन्ही वेळा. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मला आठवेना.

लॉरी सकाळी निघणार होती. पुन्हा फिरायला दिवस उरला नव्हता.

वखारीत या वेळी म्होरकीने गोण्यांना कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः उभं राहून त्या लॉरीत चढवून घेतल्या, खड्यांसकट. जुनी मिसळलेली माती मी तिथेच ठेवली. म्होरकीने त्या मातीने अंगणातले खड्डे बुजवले. निघताना मी तिची माफी मागितली आणि नाव विचारलं.

“कशाला? तक्रार करनार हायसा?”

“नाही. माहीत असावं म्हणून.”

“हौसाबाई,” ती म्हणाली आणि अजून विश्वास न बसल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

परतीचा प्रवास लॉरीच्या केबिनमध्ये झाला. कागल आलं, पाट्या वाचता येऊ लागल्या, कोल्हापूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानांतून माणसं वाकून काहीबाही करत होती आणि लॉरी पुढे पळत होती. एरवी मला लॉरी सावकाश वाटली असती. त्या दिवशी ड्रायव्हरला दोनदा म्हणाले, जरा हळू. तो म्हणाला, “बाई, पोचायचं न्हाय व्हय?” पोचायचं होतंच. आठवड्यावर उद्घाटन आलं होतं.

प्रदर्शन झालं. प्रत्येक ढिगापुढे मी दोन ओळींची पाटी लावली, अक्षरं एका मापाची. मच्छ्याच्या पाटीवर दोन्ही ओळी भरलेल्या. उरलेल्या दहांवर वर मालकाचं नाव, खाली ‘राबले’ हा शब्द आणि पुढे कोरी जागा. दालनाच्या चालकांनी ती खालची ओळ काढून टाकायला सांगितलं, अपुरं दिसतं म्हणून. मी काढली नाही. आप्पा आले होते, सरांबरोबर. आपल्या पाटीपाशी ते फार थांबले नाहीत. दहा कोऱ्या ओळींपुढून मात्र एकेक करत सावकाश गेले, प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे वळून बघत. मी त्यांच्या मागोमाग चालत होते.

दाराशी एका गृहस्थांनी मला अडवलं. अगत्याने म्हणाले, “मांडणी सुरेख आहे, पण बाई, ही दहा नावं छापायची राहिलीत.”

आप्पा शेजारीच उभे होते.

“नाही,” मी म्हणाले. “मी विचारलीच नाहीत.”